शब्दकोड्यातला क्लू जरा नीट द्या की हो

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका अडतीवर हिशोबाचं काम बघतो. तुमचा पेपर दुकानात रोज येतो आणि खरं सांगायचं तर पहिलं पान कोण वाचतंय याच्याशी कुणाला घेणं नसतं, आतलं शब्दकोड्याचं पान आधी कुणाच्या हातात पडतंय यावरनं मात्र सकाळी सौदे सुरू व्हायच्या आधी चांगली ओढाताण होते. राजकारणावर, रस्त्यावर, पीकविम्यावर पत्र लिहिणारे तुमच्याकडं ढिगानं असतील, म्हणून मी म्हणलं आपण कोड्यावर लिहावं, त्याचा वाली कुणी दिसत नाही.

तक्रार अशी की कोडं सोडवता येत नाही असं नाही, कोडं अवघड असू द्या, चालतंय, उलट मजा येते, पण क्लू असा पाहिजे की ज्याला त्या शब्दाचा अर्थ पक्का माहितीय त्याला उत्तर सापडलंच पाहिजे आणि एकच सापडलं पाहिजे. आजकाल तुमच्याकडं होतंय उलटं, ज्याला जास्त शब्द येतात तोच जास्त फसायलाय.

मागच्या आठवड्यातल्या एका कोड्याचा वरचा डावा कोपरा सांगतो. १ आडवा, 'धान्याची साठवण (३)', कंसातला आकडा म्हणजे उत्तराची अक्षरं. १ उभा, 'एक नदी (३)'. दोन्ही शब्द एकाच घरापासून सुरू. शेजारच्या अडतीवरचे काका मूळ हिंगोलीचे, त्यांनी डोळ्याचं पातं लवायच्या आत आडवं कणगी लिहिलं आणि उभं कयाधू, गावाजवळचीच नदी त्यांच्या, क ला क जुळला, बसलं. तेवढ्यात समोरच्या दुकानातल्या पोरानं ग्रुपवर त्याचा सोडवलेला फोटो टाकला, त्यात आडवं कोठार आणि उभं कोयना, को ला को, तेही फिट्ट. आमचे मापाडी मामा सगळं ऐकत बसले होते, ते म्हणले बळद का नाही लिहिलं कुणी, आणि मग ब वरनं नदी हुडकत हुडकत थेट राजस्थानात जाऊन बनास घेऊन आले. तेही बसलं! तीन माणसं, तीन जोड्या, आणि कुणाचंच चुकलं म्हणायला जागा नाही, कारण पुढच्या घरांना दुसरा एकही शब्द छेदत नव्हता, खात्री करणार तरी कशावरनं. दुसऱ्या दिवशी तुम्ही उत्तर छापलं कोठार आणि कोयना. मामा म्हणले, कामून, आमच्या कयाधूला पाणी नसतंय म्हणून का?

एक ढिला क्लू असला तर चालून जातं साहेब, त्याला छेदणारा शब्द त्याला सावरून धरतो, कोड्याची सगळी गंमतच त्या छेदण्यात आहे. पण दोन ढिले क्लू एकमेकांना छेदले की मग सोडवणाऱ्याच्या हातात काय राहिलं, नुसता अंदाज. कोडं रचणाऱ्यानं निदान एवढं तरी बघावं की एक बाजू मोघम असेल तर दुसरी बाजू पक्की पाहिजे.

आणि मुळात 'धान्याची साठवण' हा अर्थ झाला का? हा तर नुसता गट झाला. कणगी म्हणजे कामट्यांची, बांबूच्या पट्ट्यांची विणलेली, उभी, आतून बाहेरून शेणामातीनं लिंपलेली. बळद म्हणजे जुन्या माळवदाच्या वाड्यात भिंतीलाच धरून बांधून काढलेली बंद जागा, वरच्या तोंडातनं ज्वारी ओतायची. पेव जमिनीत खोदलेलं, तोंड बुजवून टाकलेलं, आणि उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही, आतली हवा खराब झालेली असते, जुनी माणसं आधी दिवा सोडून बघायची, दिवा विझला तर माणूस आत जात नसतो. कोठार म्हणजे सरळ खोली नाहीतर इमारत. अंबार म्हणाल तर तोही कोठारच, फक्त फारसीकडनं आलेला. आता सांगा या सगळ्यांना एकच क्लू कसा चालंल? 'कामट्यांची, लिंपलेली, धान्य ठेवायची (३)' एवढं लिहिलं असतं तर कणगीशिवाय दुसरं काही सुचलंच नसतं, जागा पण फार लागत नाही.

व्याख्या करायची रीत फार जुनी आणि सोपी आहे, आधी जात सांगायची मग त्या जातीत हे वेगळं कशानं ते सांगायचं. तुमचे क्लू जातीवरच थांबतात. एक पक्षी. एक फळ. एक वाद्य. नदीचंच घ्या, 'मराठवाड्यातली नदी (३)' असं म्हणलं तरी मांजरा, दुधना, तेरणा, कयाधू, मन्याड, आसना, सगळ्या तीन अक्षरीच निघतात की. तेच 'गोरोबाकाकांच्या गावावरनं वाहणारी (३)' म्हणा, तेर आठवलं की तेरणा आली. 'पूर्णेला जाऊन मिळणारी (३)' म्हणा, दुधना आली. ज्याला माहिती नाही तो विचारंल, नकाशा बघंल, तेवढंच पोरांना कळंल की आपल्या भागात गोदावरी सोडून पण नद्या आहेत.

आता तुम्ही म्हणाल ही खोड पहिल्यापासूनचीच आहे, तर तेही खरंय. जगातलं पहिलं शब्दकोडं म्हणतात ते २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्कच्या एका पेपरात आलं, आर्थर विन नावाच्या माणसानं रचलेलं, चौकोनी नव्हतं, शंकरपाळ्याच्या आकाराचं होतं. त्यात पण 'एक पक्षी' असा क्लू होता आणि उत्तर डव्ह म्हणजे पारवा, वर तेच डव्ह त्याच कोड्यात दुसऱ्यांदा आलं 'पारवा' याच अर्थाच्या क्लूनं. नदी पण होती त्यात, नेवा. पण त्या गड्यानं निदान 'रशियातली एक नदी' एवढं तरी लिहिलं होतं! शंभर वर्षं उलटून गेली साहेब, आपण त्याच्या पण मागं जायलो.

मराठी कोड्याची तर खरी मजा वेगळीच आहे, इंग्रजीत घरात एक लेटर बसतं, आपल्याकडं काना मात्रा वेलांटीसकट पूर्ण अक्षर बसतं. स्वातंत्र्य एवढा मोठा शब्द पण घरं तीनच. त्यामुळं एक घर भरलं की पुष्कळ माहिती मिळते. आमचे काही ठोकताळे आहेत. मराठी शब्द ळ नं किंवा ण नं सुरू होत नाही, म्हणून आडवं काही लिहिल्यावर खालच्या उभ्या शब्दाच्या पहिल्या घरात ळ यायला लागला की समजायचं वरचं चुकलंय, पुढं डोकं लावायचंच नाही, खोडायचं. क्लूच्या शेवटी क्रियापद असलं, 'पसंत करणे', 'दूर लोटणे' असलं काही, की उत्तराच्या शेवटच्या घरात णे आधी भरून टाकायचं, फुकटचं अक्षर. कधी कधी ते खोटं ठरतं पण बहुतेक वेळा चालतंय.

आणि जुन्या संस्कृत शब्दांचं तर असं आहे की शब्दच स्वतःचा अर्थ पोटात घेऊन बसलेला असतो, पाठ करायची गरजच नाही. हे मला मामांनी शिकवलं, ते शाळा फार शिकलेले नाहीत पण भजनात आयुष्य गेलंय. पाण्याला जे जे नाव आहे, जल, अंबु, नीर, वारि, पय, त्याच्या पुढं ज लावा, कमळ झालं, जलज, अंबुज, नीरज, म्हणजे पाण्यात जन्मलेलं. द लावा, ढग झाला, जलद, अंबुद, नीरद, वारिद, म्हणजे पाणी देणारा. धी लावा, समुद्र झाला, जलधी, वारिधी, पयोधी, पाणी साठवून ठेवणारा. सगळे तीन अक्षरी! म्हणजे क्लू 'ढग (३)' आला की शेवटी द टाकायचा पेन्सिलीनं आणि पहिलं अक्षर कुठनं येतंय त्याची वाट बघायची, नी आला तर नीरद, ज आला तर जलद, वा आला तर वारिद. अगदी एकाच अक्षरावर कमळाचा समुद्र होतो. (मेघ घ्यावा तर तो दोनच अक्षरी, पयोधर आला तर चार, म्हणून कंसातला आकडा आधी बघायचा.)

तसंच ग चं. ग म्हणजे जाणारा. ख म्हणजे आकाश, तिथनं जाणारा तो खग, पक्षी. उर म्हणजे छाती, छातीवर सरपटत जाणारा उरग, साप. आणि जो जातच नाही तो नग, डोंगर, झाड पण. पादप म्हणजे पायानं पिणारा, झाड, मुळ्या हेच त्याचे पाय. द्विप म्हणजे दोनदा पिणारा, आधी सोंडेनं मग तोंडानं, हत्ती. आणि द्विज, दोनदा जन्मलेला, हा तर एकटा तीन क्लूंना पुरतो, मुंज झालेला ब्राह्मण, अंड्यातनं बाहेर आलेला पक्षी, आणि दात! दात पण दोनदा येतात ना. 'दात (२)' असा क्लू कधी तुम्ही दिला आणि उत्तर द्विज निघालं तर आम्ही टाळ्या वाजवू, त्याला म्हणतात अवघड क्लू, अवघड पण आहे आणि बरोबर पण आहे. अवघड आणि मोघम यात फरक आहे एवढंच माझं म्हणणं.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. माझ्या शाळेतले गुरुजी म्हणायचे समानार्थी शब्द बरोबर आहे का बघायचा तर वाक्यात मूळ शब्द काढून तिथं तो ठेवून बघा, वाक्य अडखळलं नाही पाहिजे. हीच परीक्षा क्लूला लावा. तुम्ही क्लू देता 'रागाने' आणि उत्तर असतंय क्रोध. नाही चालत हो, क्रोधाने पाहिजे, मग घरं तीन लागतील, लागू द्या. 'फुले' म्हणून अनेकवचनी क्लू आणि उत्तर सुमन. विशेषणाचा क्लू आणि उत्तर नाम. एवढंसं वाटतं पण सोडवणारा क्लूचं शेपूट बघूनच उत्तराचं शेपूट ठरवतो, तेच तुम्ही खोटं ठेवलं तर तो जाणार कुठं. लिंगाचं तर आपल्या भाषेत सोनंच आहे, वापरतच नाही कुणी. तो हार गळ्यात पडतो, ती हार मॅचमध्ये होते. ती माळ गळ्यातली, तो माळ म्हणजे गावाबाहेरचा, जिथं कुसळं सोडून काही उगवत नाही. तो वात सांधे धरतो, ती वात दिव्यात. 'ती दिव्यात, तो सांध्यात (२)' बघा, चार शब्दांत दोन व्याख्या, उत्तर एकच. असा एखादा क्लू रोज टाकलात तरी पेपरचे पैसे वसूल.

ऱ्हस्व दीर्घाचा घोळ तर विचारू नका. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणं मराठीत शेवटचा इकार दीर्घ लिहायचा, कवी, रवी, गती. शाळेत पोरांचे यावरनं मार्क कापतात. तुमच्या कोड्यात मात्र सूर्याचं उत्तर 'रवि' असं येतंय, कारण काय तर त्याला छेदून खाली 'विहीर' बसवायची असते. आता रचणाऱ्याची अडचण कळते मला, वी नं सुरू होणारे शब्द मोजकेच, वीट, वीर, वीणा, वीज, पण मग वीज घ्या ना, विहिरीचा हट्ट कशाला. नाहीतर सरळ कोड्यावर एक ओळ छापून टाका की या कोड्यात ऱ्हस्व दीर्घ बघितलं जाणार नाही. काही पेपर छापतात तसं. वाईट नाही ते, खेळ आहे शेवटी, पण एक काहीतरी नियम ठरवा आणि तोच रोज पाळा. तसंच खळे लिहायचं का खळं, केळे का केळं, हे पण ठरवा, ळे आणि ळं एका घरात दोन्ही बसत नाहीत.

आता जरा आमच्या भागाचं बोलतो आणि इथं थोडा राग आहे ते लपवत नाही. आमचा एखादा शब्द कोड्यात आलाच तर क्लूच्या पुढं कंसात 'ग्रामीण' असं छापता. पऱ्हाटी ग्रामीण, तुराटी ग्रामीण, ढेलज ग्रामीण. अहो परभणी, लातूर, नांदेड ही काय खेडी आहेत का? मोंढा हा शब्द घ्या, आख्ख्या मराठवाड्यात धान्याच्या बाजाराला मोंढाच म्हणतात, शहराच्या मधोमध असतो तो, करोडोची उलाढाल होते, तो ग्रामीण कसा? पुण्यात बोलत नाहीत म्हणजे ग्रामीण असं काही गणित आहे का तुमच्याकडं? दाते आणि कर्वे यांनी महाराष्ट्र शब्दकोश केला, १९३२ ते १९३८ मध्ये सात खंड निघाले, त्यांनी शब्द कुठल्या प्रांतातला त्याची खूण लावून ठेवली, कोकणातला, वऱ्हाडातला अशी, ही रीत मला पटते. मराठवाड्यातला शब्द असेल तर 'मराठवाडी' लिहा, आम्हाला आनंद आहे, कोल्हापूरच्या माणसाला पण कळंल की हा आपल्याकडचा नाही आणि तो शोधंल. नुसतं ग्रामीण म्हणून कुणालाच काही कळत नाही, फक्त आम्हाला टोचतं.

आणि इथं शब्दांची काय कमी आहे. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूतनं चालायचा, १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मोकळं झालं पण कागदावरचे शब्द काय एका दिवसात जातात व्हय. अजून इनाम जमिनीचा वाद निघाला की वकील मुंतखब आणा म्हणतो. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी गिरदावर, म्हणजे महसुलाचा निरीक्षक, हा शब्द अजून आहे. 'निजामकाळातला इनामाचा दस्त (४)' असा क्लू देऊन बघा, मुंतखब लिहिणारे शंभर वाचक तुम्हाला एका तालुक्यात सापडतील. त्याच्याच बाजूला तिफण, चाडं, धसकट हे शेतातले. धसकट म्हणजे पीक कापल्यावर रानात उभा राहिलेला बुडखा, जो पायात घुसतो, हे अनवाणी चाललेल्याला सांगावं लागत नाही. पण बघा, या शब्दाला एका शब्दाचा समानार्थी शब्द नाहीच, व्याख्याच करावी लागते. म्हणून तर कोड्यात येत नाही तो, कारण रचणारा समानार्थी शब्दांची यादी घेऊन बसलाय असं मला वाटतं, यादीत जे आहे तेच दर दोन दिवसाला फिरून येतंय, पाणी जल, जल पाणी, स्त्री नारी, नारी स्त्री. पोरं आता तर क्लू टाईप करून मोबाईलला विचारतात, अशा क्लूंचं उत्तर मोबाईल लगेच देतो. 'पीक कापल्यावर पायात घुसतं (४)' विचारा म्हणावं, आधी डोकं खाजवावं लागंल.

मदत पाहिजे असेल तर ती पण हाताशी आहे, मोल्सवर्थचा कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, आणि हा दाते-कर्व्यांचा शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठानं इंटरनेटवर फुकट ठेवलेत, शब्द टाकला की अर्थ पुढ्यात. मोल्सवर्थ तर साहेब माणूस पण एकेका शब्दाला अर्थ किती बारकाईनं लावलेत बघा कधी, अवजाराचा शब्द असला तर त्याचा भाग न भाग सांगतो. इंग्रजी येत नसलं तरी पोराकडनं वाचून घ्यावं असं आहे. तुमच्या कोडेवाल्यांनी रोज एक पान जरी चाळलं तर वर्षभराचे क्लू निघतील.

एक मागणी अजून. उत्तरं छापता तिथं खाली दोन ओळींची जागा काढा आणि त्या दिवशीच्या एका अवघड शब्दाचा अर्थ द्या, कुठला, कसा वापरतात ते. नुसतं उत्तर वाचून माणूस म्हणतो असंल बुवा आणि पान उलटतो, अर्थ वाचला तर तो शब्द त्याच्याजवळ राहतो. आणि एखाद्या क्लूला दोन उत्तरं निघाली असं वाचकांनी कळवलं तर तेही छापा, त्यात कमीपणा कसला. कणगी-कयाधूचं छापलं तर आमचे काका पेपर फ्रेम करून लावतील दुकानात, त्यांनी तसं सांगितलंय.

जागेचा प्रश्न येतो ते आम्हाला कळतं, सणासुदीला जाहिराती वाढल्या की सगळ्यात आधी कोडंच कापता तुम्ही. त्या दिवशी राशिभविष्य कापा. मोंढ्यातनं कुणाची हरकत यायची नाही, शेठ सोडून.

आपला,
एक रोजचा वाचक
परभणी